चरे पडलेल्या गेम डिस्क आणि घरगुती उपाय : कामाच्या नोंदी

८ जून

खोक्यातला माल असा : पीएस१ आणि पीएस२च्या (पीएस म्हणजे प्लेस्टेशन, टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल) डिस्क, थोड्या एक्सबॉक्स ३६०च्या, दोन पीएस३च्या, एक जुना जाड पीएस२, टीव्ही गेमच्या काही कॅसेट आणि बटणं न चालणारा एक रिमोट. उपाय जे ऐकिवात आहेत तेच तपासायचे : टूथपेस्ट, केळं, व्हॅसलिन, फ्रीजर, उकळतं पाणी, फुंकर, खोडरबर.

आज फक्त वर्गवारी. प्रत्येक डिस्क चित्राची बाजू आपल्याकडे ठेवून ट्यूबलाइटसमोर धरली. टाचणीच्या टोकाएवढा जरी उजेड आरपार दिसला, तरी तिथला चमकदार थर गेलेला असतो आणि त्याबरोबर माहितीही. सीडीत हा थर छापील चित्राच्या अगदी खाली, पातळ लाखेच्या आड असतो. म्हणून सीडीची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा नाजूक. लोक नेमकी उलटी काळजी घेतात. अशा तीन सीडी बाजूला काढल्या. त्यांच्यावर कुठलाही लेप चालणार नाही.

डीव्हीडी ०.६ मिमीच्या दोन तबकड्या चिकटवून बनते आणि माहिती मधल्या सांध्यात असते. वाचायच्या बाजूला घासायला बऱ्यापैकी जाडी मिळते. ब्लू-रेमध्ये (पीएस३) माहिती पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिमीवर असते आणि वर कडक संरक्षक थर असतो. हा फरक न बघता घासायला घेतलेली ब्लू-रे हातची जाते.

काळ्या पीएस१ डिस्कबद्दल बरेच जण विचारतात. तो रंग प्लास्टिकचाच आहे. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे अवरक्त, तो त्यातून सहज जातो. घासायची रीत तीच, पण काळ्यावर बारीक चरे डोळ्यांना जास्त दिसतात म्हणून उगाच जास्त घासलं जातं.

९ जून

सगळ्या डिस्क धुतल्या. कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, बोटाच्या पेरानं हलकेच. स्क्रबर नाही, भांडी घासायची पावडर नाही. पुसताना नेहमी मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसायचं, गोल गोल नाही. माहिती गोल मार्गावर लिहिलेली असते. आडवा चरा एका फेऱ्यात क्षणभर आड येतो आणि चूक सुधारणारी सोय ते भरून काढते. मार्गाच्याच दिशेनं गेलेला चरा मात्र सलग मोठा तुकडा खातो.

‘खराब’ म्हणून आलेल्यांपैकी काही डिस्क नुसत्या धुण्यानं चालू झाल्या. बोटांचे तेलकट ठसे आणि वर धूळ, एवढंच होतं. त्यांना टूथपेस्ट लावली असती तर श्रेय टूथपेस्टला गेलं असतं. म्हणून धुण्याआधी दुसरं काही करू नये.

१० जून

मोजणी. गेम सुरू झाला की बरा झाला असं मानलं तर फसायला होतं, कारण खराब भाग कदाचित शेवटच्या लेव्हलमध्ये असतो. पीएस१ आणि पीएस२च्या डिस्क साध्या कॉम्प्युटरच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचता येतात. डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम, ब्लॉक २०४८ बाइट ठेवून. न वाचलेल्या सेक्टरची, म्हणजे डिस्कवरच्या माहितीच्या अशा छोट्या तुकड्यांची, यादी तो फाइलमध्ये ठेवतो.

दोन डिस्कचे आकडे पुढच्या नोंदींसाठी :
डी-३ (पीएस२ डीव्हीडी, बारीक चरे) : २,१४४ सेक्टर अवाचनीय.
डी-७ (पीएस२ डीव्हीडी, नख अडकेल असा कमानदार चरा) : १८,९६० सेक्टर अवाचनीय.

दोन्ही आकड्यांना १६ने नि:शेष भाग जातो. डीव्हीडीत १६ सेक्टरचा गठ्ठा एकत्र तपासला जातो. तो सुधारला तर सगळा, नाही तर सगळा गेला. भाग जात नसेल तर ड्राइव्ह किंवा केबल तपासावी.

आता या यादीचा खरा उपयोग. सेक्टरच्या क्रमांकावरून चरा डिस्कवर कुठे आहे ते काढता येतं. एका थराच्या डीव्हीडीत माहिती केंद्रापासून २४ मिमीवर सुरू होते आणि ५८ मिमीपर्यंत जाते. पूर्ण भरलेल्या डिस्कवर साधारण २२.९५ लाख सेक्टर. क्रमांकाला २२.९५ लाखांनी भागायचं, आलेल्या अपूर्णांकाला २,७८८ने गुणायचं, ५७६ मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं. उत्तर मिलिमीटरमध्ये, केंद्रापासून. डी-३चे खराब सेक्टर ६ लाखांच्या आसपास होते. उत्तर ३६ मिमी. पट्टी ठेवून बघितलं तर ३६ मिमीवर तीन छोटे कमानदार चरे एकमेकांना खेटून होते. बाहेरच्या कडेला त्याहून मोठे, भीतीदायक दिसणारे आडवे चरे होते, त्यांच्यामुळे एकही सेक्टर गेलेला नव्हता.

डोळ्यांना वाईट दिसणारा चरा आणि नुकसान करणारा चरा वेगळे असू शकतात. ही गणितं करायला पाच मिनिटं लागतात आणि अख्खी डिस्क घासायचं वाचतं.

१५ जून

टूथपेस्ट. पांढरी, अपारदर्शक, घटकांत कॅल्शियम कार्बोनेट लिहिलेली घ्यायची. काम त्या खडूच्या बारीक कणांचं असतं, फेसाचं नाही. पारदर्शक जेलनं फार काही झालं नाही. राखुंडी, लाल दंतमंजन, मिठाची किंवा कोळशाची पेस्ट चुकूनही नको. त्यांतले जाड कण नवे चरे पाडतात. बाद सीडीवर लाल मंजन घासून पाहिलं, चार घासांतच पृष्ठभाग धुरकट झाला.

कृती : डिस्क जुन्या माऊसपॅडवर, चित्राची बाजू खाली. चऱ्यावर हरभऱ्याएवढी पेस्ट, दोन थेंब पाणी. जुन्या सुती बनियनचा तुकडा बोटाला गुंडाळून मधून कडेकडे घासायचं, चऱ्याच्या दोन्ही बाजूंना सेंटीमीटरभर जास्त भाग घेत. पेस्ट वाळू लागली की पाणी, वाळल्यावर घासलं तर ती स्वतःच ओरखडे काढते. पाच मिनिटांनी वाहत्या पाण्याखाली धुवायचं. मधल्या भोकाच्या कडेला अडकलेली पेस्ट इअरबडनं काढायची, ती ड्राइव्हच्या धारकावर बसली तर डिस्क डगमगते.

डी-३ : पहिल्या फेरीनंतर ३५२. दुसऱ्या फेरीनंतर शून्य. लगेच प्रत काढून ठेवली.
डी-७ : १८,४१६. म्हणजे जवळपास काहीच नाही.

पेस्ट फक्त वरवरचे चरे काढते. नख अडकत असेल तर तासभर घासूनही तळापर्यंत पोचत नाही, आणि तो तास वाया जातो.

१६ जून

डी-७ वॉटर पेपरवर घेतली. गाडीच्या रंगाच्या दुकानात १५००, २००० आणि २५०० नंबर मिळतात. लाकडावर वापरतात तो कोरडा पॉलिश पेपर वेगळा, तो नको. २००० नंबरच्या कागदाचे कण साधारण १० मायक्रॉनचे. चरा त्याहून कितीतरी खोल असतो, म्हणून वेळ लागतो.

क्रम असा : कागद दहा मिनिटं पाण्यात भिजवला. लिक्विडचा एक थेंब टाकलेलं पाणी वाटीत. १५०० फक्त नख अडकणाऱ्या जागी, तेही चरा बोटाला लागेनासा होईपर्यंतच. मग धुतलं. कागद बदलताना धुणं टाळलं तर जाड कागदाचा एखादा कण मागे राहतो आणि पुढचं सगळं काम वाया घालवतो. मग २०००, मग २५००. प्रत्येक वेळी आधीच्या कागदाच्या रेषा पूर्ण जाईपर्यंत. दिशा कायम मधून कडेकडे. बोटानं एकाच ठिकाणी दाबायचं नाही. तिथे खळगा पडतो, खळगा भिंगासारखा वागतो आणि लेसरची किरणं भलतीकडे वळतात. चऱ्याच्या दोन्ही बाजूंना १०-१५ मिमीपर्यंत उतरता हात ठेवायचा.

या टप्प्यावर डिस्क दुधी, आंधळी दिसते. इथे घाबरून लोक थांबतात किंवा तशीच ड्राइव्हमध्ये घालतात. ती वाचली जाणार नाही, वाचायला घालूही नये. पुढे मोटारीच्या पॉलिशचं रबिंग कंपाउंड सुती कापडावर, मग शेवटचा हात टूथपेस्टचा. या जागी टूथपेस्ट खरी कामाला येते. सगळं मिळून एका डिस्कला पाऊण तास.

डी-७ : ६४०. कंपाउंडची आणखी एक फेरी, ९६. उरलेले ९६ सेक्टर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हनं वाचले. डीडीरेस्क्यूला तीच यादीची फाइल दिली की तो फक्त राहिलेलेच सेक्टर पुन्हा मागतो. शेवटच्या थोड्या सेक्टरसाठी आणखी घासण्यापेक्षा ड्राइव्ह बदलून बघणं शहाणपणाचं.

ड्रिलला फोमचं चाक लावून पॉलिश करायचा उपाय बाद डिस्कवर केला. पॉलिकार्बोनेट घर्षणानं तापलं, वरचा थर ओढला जाऊन लाटा उमटल्या. परत सपाट करायला १५००पासून सुरुवात करावी लागली. हातानं करावं.

२२ जून

भरणाचे उपाय एकत्र उरकले. केळं, व्हॅसलिन, खोबरेल तेल, गाडीचं वॅक्स. या सगळ्यांचं तत्त्व एक. चऱ्यात हवा असते, हवा आणि प्लास्टिकच्या सीमेवर किरण वळतो, हवेच्या जागी पारदर्शक पदार्थ बसवला की कमी वळतो.

वॅक्स : उपयोगी. पातळ थर, दहा मिनिटं वाळू देऊन मलमलीनं पुसून टाकायचा. खोल चऱ्याच्या एका डिस्कवर अवाचनीय सेक्टर निम्म्याहून कमी झाले. प्रत काढण्यापुरता उपाय म्हणून उत्तम.
व्हॅसलिन : वाचन सुधारतं, पण जास्तीचं राहिलं तर फिरताना उडून लेन्सवर बसतं. वापरायचंच तर कोरड्या कापडानं बोटाला काही लागणार नाही इतकं पुसावं.
केळं : सालीच्या आतल्या बाजूनं घासलं, पुसलं, फरक नगण्य. फोडीनं घासल्यावर चिकट थर राहिला, धुवायला लागला.
खोबरेल : धूळ धरतं. मधल्या भागाला लागलं तर धारकावरून डिस्क घसरते. नको.

थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर : बाद सीडीवर एक-एक थेंब. थिनर आणि रिमूव्हरखाली (त्यात ॲसिटोन होतं) पृष्ठभाग तिथल्या तिथे पांढरा पडला आणि भेगाळला. ही इजा घासून जात नाही. अमोनिया असलेला काचेचा स्प्रेही याच कारणासाठी टाळावा. आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, चालतं.

फ्रीजर, उकळतं पाणी, ६० वॉटच्या बल्बखाली धरणं : तिन्ही निरुपयोगी. पॉलिकार्बोनेट मऊ व्हायला साधारण १४५ अंशांच्या वर जावं लागतं, उकळत्या पाण्यात चरा ‘वितळून’ भरत नाही. डीव्हीडीचा मधला चिकट थर मात्र त्रासतो आणि डिस्क किंचित वाकते. फ्रीजरमधून काढल्यावर पावसाळी हवेत डिस्कवर दव धरलं, तेवढंच झालं.

२९ जून

एक्सबॉक्स ३६०ची डिस्क, वर पूर्ण गोल वलय. डिस्क फिरत असताना कन्सोल उभा-आडवा केल्यावर ती आतल्या भागांना घासते आणि असं वलय पडतं. मार्गाच्या दिशेनंच जाणारा, खोल आणि सलग, सगळ्यात वाईट चरा हाच. वॉटर पेपरची पूर्ण पद्धत केली, पण पट्टा न ठेवता डिस्कचा अख्खा पृष्ठभाग समान उतरवावा लागला. दोन तास गेले. या डिस्क कॉम्प्युटरमध्ये साध्या ड्राइव्हनं पूर्ण वाचता येत नाहीत, म्हणून सेक्टर मोजता आले नाहीत. कन्सोलमध्ये गेम हार्डडिस्कवर इन्स्टॉल करायला लावला. इन्स्टॉल पूर्ण झालं की अख्खी डिस्क वाचली गेली असा अर्थ.

पीएस३च्या दोन्ही डिस्कना फक्त मऊ कापड आणि आयपीए. एकीवरचा डाग गेला आणि ती चालली. दुसरीवर खरा चरा आहे, ती तशीच ठेवली. ०.१ मिमीच्या थरावर घरच्या साधनांनी काही करू नये, हे माझं ठाम मत आहे.

६ जुलै

पीएस२चा ड्राइव्ह. लक्षण : निळ्या सीडी चालतात, चंदेरी डीव्हीडी ‘डिस्क रीड एरर’. यावरूनच बरंच कळतं. सीडीला ७८० आणि डीव्हीडीला ६५० नॅनोमीटर असे वेगळे लेसर असतात, एक थकला तरी दुसरा चालतो. दोन्ही जातीच्या डिस्क अडत असतील तर आधी धूळ आणि यंत्रणेकडे बघावं. म्हणून कन्सोल तपासताना काळी, निळी आणि चंदेरी अशी चांगल्या स्थितीतली प्रत्येकी एक डिस्क हाताशी ठेवावी.

पहिलं काम लेन्स. बाजारात मिळणारी ब्रश चिकटवलेली क्लीनिंग डिस्क वापरली नाही, ब्रश फिरत्या वेगात लेन्सवर आपटतो. वीज काढली, खालच्या टोप्यांमागचे स्क्रू काढले, ड्राइव्हचं झाकण काढलं. झाकणात डिस्क दाबून धरणारा चुंबक असतो, तो नीट ठेवावा. ९९ टक्के आयपीएत इअरबड बुडवून जवळजवळ पिळून घेतला आणि लेन्सवर स्वतःच्या वजनानं फिरवला. लेन्स तारांवर तरंगती असते, दाब दिला तर तारा वाकतात. औषधाच्या दुकानातलं साधं स्पिरिट वाळल्यावर पांढुरका थर सोडतं, तो पुन्हा काढावा लागला असता.

सोबत लेन्स सरकते ते रूळ पुसले. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं. नवं पांढरं ग्रीस, टाचणीच्या डोक्याएवढं. शिवणयंत्राचं तेल पातळ असतं, ओघळून भलतीकडे जातं.

डीव्हीडी अजूनही अधूनमधून अडत होत्या. मग रुळाजवळचं पांढरं दातेरी चाक. जाड पीएस२मध्ये लेन्सचा कल त्यानं ठरतो आणि हे चाक कालांतरानं आपोआप सरकतं. मूळ जागी मार्करनं खूण केली. एक दात फिरवायचा, डिस्क लावून बघायची, बिघडलं तर परत खुणेवर. एका बाजूला दोन दातांवर डीव्हीडी सलग चालू झाल्या.

लेसरची ताकद वाढवायचा छोटा स्क्रू, म्हणजे पोटेन्शिओमीटर, याला हात लावला नाही. अनेक ठिकाणी तो पहिला उपाय म्हणून सांगतात. थकलेल्या लेसरला जास्त प्रवाह दिला की तो थोडे दिवस चमकतो आणि लवकर मरतो. बाकी सगळं करून झाल्यावर, मल्टीमीटरनं मूळ रोध लिहून ठेवून, अगदी थोडा बदल, असा तो शेवटचा उपाय. नवा केएचएस-४०० लेसर मिळत असेल तर तोच बसवावा.

सुरुवातीच्या पीएस१वर कन्सोल उलटा ठेवून खेळायचा उपाय प्रसिद्ध आहे, आणि तो खरा आहे. त्या मॉडेलात लेन्सचा प्लास्टिकचा गाडा झिजून कलतो. उलटं केल्यावर तो दुसऱ्या बाजूला टेकतो आणि तात्पुरता सरळ होतो.

१३ जुलै

टीव्ही गेमच्या ६० पिनांच्या कॅसेट. फुंकर मारून चालू होतात हे खरं, पण काम फुंकरीचं नसून कॅसेट काढून पुन्हा घालण्याचं असतं. पिना घासल्या जातात आणि नवा स्पर्श मिळतो. फुंकरीतली ओल मात्र पिनांवर राहते. एका कॅसेटच्या पिनांवर हिरवट कीट होतं. पांढऱ्या खोडरबरनं पिनांच्या लांबीच्या दिशेनं घासलं, मग आयपीए. वाळूचे कण असलेलं शाईचं खोडरबर वापरू नये, पातळ मुलामा निघून जातो. खोडरबरचा चुरा ब्रशनं पूर्ण काढावा, नाही तर तो कन्सोलच्या खाचेत जाऊन बसतो. हिरवं कीट राहिलं तिथे व्हिनेगरचा इअरबड मिनिटभर, मग पाणी, मग आयपीए. दोन कॅसेट सोडून सगळ्या चालल्या.

रिमोट : फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं, काही बटणांना दिवा चमकतो, काहींना नाही. म्हणजे सेल आणि दिवा ठीक, बटणाखालच्या काळ्या गोळ्या झिजलेल्या. चांगल्या गोळीचा रोध काही शे ओहममध्ये येतो, या दहा हजारांच्या पुढे होत्या. ६बी पेन्सिलनं गोळी रंगवली : चालली, पण थोड्याच दिवसांत ग्रॅफाइट झडणार. ॲल्युमिनियम फॉइलचे ३ मिमी तुकडे सुपरग्लूच्या अगदी बारीक थेंबानं चिकटवले : हे टिकतं. ग्लू फॉइलच्या वर आला तर बटण कायमचं मुकं होतं.

सेल उन्हात ठेवणं, दातांनी चावणं : उन्हानं आतली रासायनिक क्रिया थोडी वेग घेते, तासभर चालतो. चावू तर मुळीच नये, कवच फुटून गळती होते. गळलेल्या खणात आधी सेलची जात बघावी. साधा झिंक-कार्बन सेल आम्लधर्मी गळतो, त्याला खाण्याचा सोडा. अल्कलाइन गळला असेल तर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर. उलट लावलं तर कीट साफ होत नाही.

२० जुलै

तापवण्याचे उपाय केले नाहीत, कारण लिहून ठेवतो. बंद पडलेला एक्सबॉक्स ३६० टॉवेलमध्ये गुंडाळून तापवणं, बिघडलेलं ग्राफिक्स कार्ड ओव्हनमध्ये भाजणं. शिसंविरहित सोल्डर साधारण २१७ अंशांना वितळतं. टॉवेलात तेवढी उष्णता होत नाही आणि झाली तर प्लास्टिक आधी जातं. तापल्यावर चिपच्या आतले तडकलेले सांधे प्रसरणानं काही दिवस जुळतात, थंड-गरम होता होता पुन्हा सुटतात. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये फ्लक्स आणि प्लास्टिकची वाफ बसते ती वेगळीच.

भिजलेला कंट्रोलर तांदळात पुरला नाही. तांदूळ ओल ओढतो फार थोडी, त्याची पिठूळ धूळ मात्र सॉकेटमध्ये शिरते. सेल काढून, उघडून, आयपीएनं धुऊन पंख्याखाली दोन दिवस. आयपीए पाण्यात मिसळून त्याच्याबरोबर उडून जातं. कोकणपट्टीत जुलैच्या हवेत उघडं ठेवण्यापेक्षा घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्या जास्त कामाच्या.

खर्च : वॉटर पेपर तीन नंबरचे मिळून ७५ रुपये, रबिंग कंपाउंडची छोटी ट्यूब १६०, अर्धा लिटर आयपीए (बुधवार पेठेतून) ३००, ग्रीस ४०, मलमल आणि इअरबड ६०. टूथपेस्ट घरची.

बाकी काम : खोल चऱ्याच्या दोन पीएस१ सीडी. सीडीचं प्लास्टिक १.२ मिमी असल्यानं घासायला डीव्हीडीच्या दुप्पट वाव आहे, पण १५००चा नवा कागद आणायचा आहे. आधी वॅक्स लावून जेवढे सेक्टर येतील तेवढे काढून घ्यायचे, मग वॅक्स पूर्ण धुऊन कागदाला हात घालायचा. वॅक्स राहिलं तर कागद लगेच चोंदतो.